परसातील कोंबड्या व त्यांचे खुराडे

(तालुका शिक्षक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील ज्या घरांत अंडी खाल्ली जातात, अशा बहुतेक घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतातच. त्यास कोणी धंदा म्हणत नाही. घरधनी त्यांचा हिशेब ठेवीत नाही. ते गृहिणीचे धन असते. बाजारच्या दिवशी दहा-बारा अंडी पदराखालच्या टोपलीत जातात आणि येताना तेल, मीठ, कधी मुलाची वही घेऊन परत येतात. म्हैस मेली तर पंचनामा होतो. खुराड्यातील कोंबड्या एका आठवड्यात मेल्या तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. नोंद होते ती एवढीच की, वर्गातील एका मुलाजवळ वही नसते. म्हणून हा विषय जितका पशुसंवर्धनाचा, तितकाच प्राथमिक शाळेचाही आहे.

सह्याद्रीच्या उतारावरील एका वाडीची हकीगत या दृष्टीने उद्बोधक ठरावी. चौथीतील एक मुलगी आषाढात सलग चार दिवस शाळेत आली नाही. गुरुजी चौकशीस घरी गेले, तेव्हा आई परसात खड्डा खणीत होती. नऊ कोंबड्यांपैकी सहा गेल्या होत्या, आणि मुलगी उरलेल्या तिघींना जपत बसली होती.

“रोग आला गुरुजी, आमचं नशीबच तसलं,” बाई म्हणाली.

गुरुजींनी खुराडे पाहिले. जुन्या पत्र्याचे, जमिनीवर टेकलेले खोके ते. मुंगसाच्या धास्तीने त्याची सगळी भोके चिंध्यांनी बुजविलेली. ते म्हणाले, “ताई, जरा आत डोके घालून बघा.”

बाईने वाकून डोके आत घातले आणि तत्काळ बाहेर काढले. तिच्या डोळ्यांना पाणी आले होते. विष्ठा आणि पावसाची ओल कुजून तेथे जो उग्र वायू साठला होता, त्यात त्या कोंबड्या रोज बारा तास कोंडून राहत होत्या. रोग आला होता हे खरे. परंतु त्यास दार उघडून दिले होते ते खुराड्याने.

या हकीगतीतून निघणारे तत्त्व सोपे आहे. परसातील कोंबडी दिवसा आपले पोट आपण भरते. किडे, वाळवी, सांडलेले दाणे, कोवळा पाला हे सारे ती उकरून शोधते, आणि सावली कोठे आहे हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दिवस मावळताच तिची दृष्टी मंदावते व ती पूर्णपणे पाळणाऱ्याच्या स्वाधीन होते. दिवस कोंबडीचा असतो, रात्र मात्र माणसाची जबाबदारी असते. ही जबाबदारी म्हणजेच खुराडे.

खुराड्याकडून तीनच गोष्टींची अपेक्षा असते: ते कोरडे असावे, हवेशीर असावे आणि शत्रूस अभेद्य असावे. दहा कोंबड्यांसाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद व सुमारे तीन फूट उंच एवढी जागा रात्रीच्या मुक्कामास पुरते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर उभारावे, म्हणजे ओल चढत नाही आणि खालची विष्ठा ओढून काढता येते. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास दुपारचे ऊन थेट आत शिरत नाही. बांबूच्या कामट्या, कुडाच्या भिंती व वर गवती छप्पर एवढ्या साहित्यात उत्तम खुराडे होते. पत्रा वापरावयाचाच झाल्यास त्यावर गवत पसरावे, नाहीतर वैशाखात त्या खुराड्याची भट्टी होते. भिंतीचा वरचा भाग जाळीचा असावा. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत, कारण मुंगूस व साप आश्चर्य वाटावे इतक्या लहान फटीतून आत शिरतात. दारास नुसता दगड न लावता कडी घालावी.

आत बसण्यासाठी आडव्या दांड्या बसवाव्यात. प्रत्येक कोंबडीस आठ इंच लांबीची जागा मिळावी आणि सर्व दांड्या सारख्याच उंचीवर असाव्यात. एक उंच व एक खाली असल्यास उंच दांडीसाठी रोज भांडणे होतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे फूटभर लांबी-रुंदीची खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून त्यात कोरडे गवत किंवा भाताचे तूस घालावे. असे एकांताचे ठिकाण न मिळाल्यास कोंबडी गंजीत किंवा झुडपात अंडी घालते, आणि ती कोणाच्या पोटात जातात ते सांगावयास नको.

खुराडे बांधणे हे एका दिवसाचे काम आहे. ते राखणे हे रोजचे. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर खालची विष्ठा काढून शेणखताच्या उकिरड्यावर टाकावी. ती ताजी असताना झाडाच्या बुंध्याशी घातल्यास मुळे जळतात. कुजल्यावर मात्र ती भाजीपाल्यास उत्तम खत होते. खोक्यातील गवत ओले अथवा घाण झाले की बदलावे. महिन्यातून एकदा भिंतींच्या आतील बाजूस चुन्याची सफेती द्यावी. दांड्यांच्या टोकांशी व कामट्यांच्या सांध्यांत गोचीड दिवसा लपून राहतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त शोषतात; म्हणून सांधे नीट पाहावेत आणि दांड्या काढून उन्हात तापवाव्यात. परसात एका आडोशाला कोरडी माती व चाळलेली राख यांचा उथळ खड्डा करून ठेवावा. कोंबडी त्यात अंग घोळते तो तिचा खेळ नसून तिचे स्नान होय. त्यामुळे पिसांतील उवा कमी होतात.

अन्नाविषयी दोन गैरसमज आढळतात. उकरून खाणाऱ्या कोंबडीस काहीच द्यावे लागत नाही, हा पहिला. सायंकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी प्रत्येकीस मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या दिल्यास तिची अंडी वाढतात, आणि वेळेवर घरी परतण्याची सवय लागते हा दुसरा लाभ होतो. अंड्याचे कवच मुख्यत्वे चुनखडीचे असते. ती चुनखडी अन्नातून न मिळाल्यास कोंबडी आपल्या हाडांतून ती काढून देते, आणि अखेर पातळ कवचाची अंडी येऊ लागतात. यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक कुटलेली अंड्यांची टरफले द्यावीत. टरफल न कुटता टाकल्यास ती अंडी फोडून खाण्यास शिकते, आणि ही खोड पुढे मोडत नाही.

पाण्याचे महत्त्व ध्यानातच येत नाही, हा दुसरा गैरसमज. कवच वगळता अंड्याच्या वजनापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. अंडी देणारी कोंबडी दिवसास पाव लिटरच्या आसपास पाणी पिते व उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक. भर उन्हात एक दिवस जरी पाणी मिळाले नाही, तरी तिचे अंडी देणे अनेक दिवस खंडित होऊ शकते. सावलीत ठेवलेले व रोज घासलेले मातीचे पसरट भांडे एवढाच याचा खर्च.

आता रोगाविषयी. परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत, ज्यास खेड्यात मानमोडी म्हणतात. कुमाऊंतील राणीखेत या गावावरून त्यास हे नाव पडले. हिरवट पातळ विष्ठा, धाप लागणे, मान पिळवटणे ही त्याची लक्षणे होत. तो विषाणूचा रोग असल्याने एकदा जडल्यावर त्यावर औषध नाही. आधी दिलेली लस हाच एक उपाय. परंतु येथे एक अडचण येते. लसीची कुपी सामान्यतः शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते, आणि विरघळविल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्या असलेल्या बाईने ती एकटीने कशी आणावी?

त्या वाडीत हा प्रश्न शाळेने सोडविला. तिसरी-चौथीच्या मुलांनी घरोघर जाऊन कोंबड्यांची मोजदाद केली आणि घर, मोठ्या कोंबड्या, तलंगा व पिले असा तक्ता आखून फळ्यावर बेरीज मांडली. ती शंभरावर गेली. तो तक्ता गुरुजींनी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दिला. ठरल्या दिवशी कोणीही पहाटे खुराडे उघडावयाचे नाही, असा निरोप मुलांनी घरोघर पोचविला. कोंबड्या खुराड्यात असल्याने धरावयास सोप्या गेल्या आणि उन्हे वर येण्यापूर्वी काम आटोपले. त्या वर्षी मुंगसाने दोन कोंबड्या नेल्याच, कारण एका घराची कडी लावावयाची राहिली होती. मात्र मानमोडीने वाडी ओस पडली नाही.

या संदर्भात एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला. भारतात या रोगाची ती पहिली नोंद होय. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास मुलांनी त्यांना हात लावू नये, ते ओढ्यात टाकू नयेत, आणि ताबडतोब दवाखान्यास कळवावे. एरवीही खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुणे व अंडे पूर्ण शिजवून खाणे हे नियम पाळलेच पाहिजेत. कच्च्या अंड्याने अधिक शक्ती येते ही समजूत निराधार आहे.

शाळेने स्वतः कोंबड्या पाळाव्यात काय, असा प्रश्न काही उत्साही शिक्षक विचारतात. त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे, कारण कोंबड्यांस दिवाळीची सुट्टी नसते. जेथे सुट्टीत दाणापाणी करणारे कोणी नाही, तेथे हा उपक्रम न केलेला बरा. मुलाच्या घरचे परस हीच त्याची प्रयोगशाळा होय. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा जो विचार मांडला गेला, त्याचा आशय तरी याहून निराळा कोठे आहे?

विज्ञानाचे कितीतरी पाठ तेथे सिद्ध आहेत. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, शिळे उभे राहते, नासके तरंगते. कारण कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून जाऊन आतील हवेची पोकळी वाढते. त्याच छिद्रांमुळे साठवावयाचे अंडे धुऊ नये. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवल्यावर सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडासमोर धरावीत. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसेल त्यात जीव आहे, आणि एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येईल. नर नसला तरी कोंबडी अंडी देते, मात्र त्यांतून पिले होत नाहीत, हेही मुलांस तेथेच उमगते.

गणिताचा एक पाठ मात्र प्रत्येक वर्गात व्हावा. गावठी कोंबडी नीट निगा राखल्यास वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. सत्तर धरल्यास सहा कोंबड्यांची ४२० होतात. घरात दोन मुले असून प्रत्येकास आठवड्यास दोन अंडी दिली, तर वर्षाला २०८ लागतील. तीन वेळा बारा-बारा अंडी उबविण्यास ठेवली, तर ३६. बाजारासाठी राहिली किती? उत्तर १७६ येते. म्हणजे मुलांना खाऊ घालूनही तेल-मिठाची सोय राहते.

हे गणित सांगण्याचे कारण असे की, पुष्कळ घरांत अंडी होतात, परंतु मुलांच्या ताटात येत नाहीत. सगळीच बाजारात जातात. एका अंड्यात पाच-सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. त्यात क जीवनसत्त्व मात्र नसते. ते लिंबू, आवळा, पेरू यांतून घ्यावे. ज्या घरांत अंडी वर्ज्य आहेत, तेथे आग्रह करण्याचा अधिकार शाळेस नाही; डाळी, शेंगदाणे, दूध हे मार्ग तेथे मोकळे आहेत. परंतु जेथे अंडे खाल्ले जाते व घरीच पिकते, तेथे ते मुलाच्या तोंडासमोरून जाऊ नये, एवढे सांगणे शिक्षकाचे काम आहे.

त्या वाडीतील मुलीने हे गणित घरी आईस करून दाखविले. आईने तिच्या पाटीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “इतकी आपलीच अंडी व्हय गं?” दुसऱ्या दिवसापासून कुडाच्या भिंतीवर कोळशाने रेघा उमटू लागल्या: विकलेल्या अंड्यांच्या उभ्या, घरी खाल्लेल्यांच्या आडव्या. पहिल्या महिन्यात आडव्या रेघा चारच होत्या. पावसाळा संपला तेव्हा त्या मोजावयास मुलीला दोन्ही हातांची बोटे पुरेनात.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढील आठवड्यात आपापल्या वर्गात एवढेच विचारावे की, कोणाकोणाच्या घरी कोंबड्या आहेत आणि त्या रात्री कोठे झोपतात. मुले जी उत्तरे देतील, त्यांतूनच पुढचे पाठ ठरतील.