मतभेदाचे स्वातंत्र्य आणि संवादाची शिस्त

ऑनलाइन समूहांतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि तेथील चर्चेचे नियम हा नाशिकमधील या परिषदेचा विषय वरकरणी नवा असला, तरी बोलण्याची जागा कोणाला मिळावी आणि बोलण्याला मर्यादा कोणी घालावी, हा त्यामागचा प्रश्न नाशिकला अपरिचित नाही. ज्या गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेने अनेक पिढ्यांना परस्परविरोधी विचार शांतपणे ऐकण्याची सवय लावली, त्याच परिसरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, कारण माणसांना दारातच अडवणारी रूढी तेथे परंपरेच्या नावाने टिकवून धरली गेली होती. म्हणूनच कोणत्याही नियमावलीकडे पाहताना ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे आधी तपासणे या शहराला तरी टाळता येणार नाही.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत व्यवहार बंद राहिले. त्याविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर केवळ ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या प्रकरणात लावले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ हे ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ अशा मोघम शब्दांवर गुन्हा उभा करत होते, आणि कोणाला कशाचा त्रास होईल याला सीमाच नसल्यामुळे कोणतेही अप्रिय मत त्याच्या कचाट्यात येऊ शकत होते. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकालात न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. चर्चा किंवा पुरस्कार कितीही अप्रिय असला तरी तो अनुच्छेद 19(1)(अ)च्या गाभ्यातच राहतो आणि तो चिथावणीच्या पातळीवर पोहोचतो तेव्हाच अनुच्छेद 19(2)मधील वाजवी निर्बंधांचा, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या नेमक्या कारणांसाठी घातलेल्या मर्यादांचा, प्रश्न उद्भवतो, असा त्याचा आशय आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाची घटना नाशिकच्या शेजारी घडली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना ठार मारले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले. तेथे मात्र काही रहिवाशांनी त्या कुटुंबाला आसरा दिला आणि पोलिसांनी त्याला सुखरूप बाहेर काढले. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे सभ्यतेच्या प्रचलित कल्पनेतील मोठी उणीव उघडी पडते. पालघरच्या मजकुराखाली लिहिणारीचे नाव होते आणि त्याला कोणालाही उत्तर देता येत होते. राईनपाड्यापर्यंत पोहोचलेल्या अफवेला धनी नव्हता, आणि जे त्या अफवेचे लक्ष्य ठरले त्यांना उत्तर देण्याची संधीच नव्हती. शिवाय अशा अफवांची भाषा बहुधा शिवराळ नसते. मुलांना सांभाळा, काळजी घ्या, असाच त्यांचा सूर असतो. केवळ कडक शब्द शोधणारी नियमावली पहिल्या मजकुराला रोखेल आणि दुसऱ्याला सन्मानाने पुढे जाऊ देईल. म्हणून नियमांची कसोटी सुराची नसावी, उत्तरदायित्वाची असावी, असे परिषदेच्या स्वागतसमितीचे स्पष्ट मत आहे. विधान कोणाचे, ते कशाच्या आधारावर केलेले, आणि ज्याच्याविषयी केले त्याला उत्तर देता येते की नाही, हे पाहिले जावे. ‘आले तसे पुढे पाठवले’ हे समर्थन या कसोटीवर टिकत नाही.

समूहचालकाच्या, म्हणजे रूढ भाषेत ॲडमिनच्या, दायित्वाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असे सांगितले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याशिवाय सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. हा निर्णय न्याय्यच आहे. पण कायद्याने जी जबाबदारी ॲडमिनवर टाकलेली नाही, ती समूहाने मिळून उचलायची आहे, हेही त्यातून ओघानेच येते. ‘राजकीय पोस्ट टाकू नयेत’ हा गृहनिर्माण संस्थांच्या समूहांतील सर्वांत लाडका नियम पाण्याच्या तक्रारीवर बोट ठेवणाऱ्यावर चालवला जावा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना मात्र मोकळी वाट मिळावी, हा प्रकार नियमाच्या नावाखाली होणारा पक्षपात आहे. नियम आधी लिहिलेला असावा, मजकूर काढल्यास कारण सर्वांसमक्ष सांगितले जावे आणि तोच नियम ॲडमिनलाही लागू असावा, एवढे तरी किमान आवश्यक आहे.

टोपणनावावर सरसकट बंदी घालण्याच्या मागणीशी मात्र समिती सहमत नाही. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने आपल्याच समाजाची कठोर चिकित्सा केली. त्या नावामागे सातत्य होते, विचार होता, आणि वाचकाला खंडन करता येईल असे लेखन होते. एका वेळच्या शिवीगाळीसाठी धारण केलेले आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिलेले नाव या परंपरेत बसत नाही.

एक प्रश्न अद्याप मोकळाच आहे. समूहातून काढलेल्या सभासदाने आपली बाजू कोणापुढे मांडावी आणि ती ऐकणाऱ्यांत ॲडमिनखेरीज आणखी कोण असावे, याविषयीची व्यवस्था समूहांच्या नियमांत क्वचितच आढळते. प्रतिनिधींनी चर्चेला याच मुद्द्यापासून आरंभ करावा, अशी स्वागतसमितीची विनंती आहे.