पहिल्या कम्युनियनची तयारी कुणी करायची?

(गाझियाबाद येथील मराठी रहिवाशांच्या वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून.)



पत्रिकेवर माझा विषय ‘कॅथलिक शाळा आणि धर्मग्राम’ असा छापला आहे. तुम्ही कॅथलिक नसलात तरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकतात, त्यामुळे शाळेबद्दल मी नवं काय सांगणार? ॲडमिशन कशी मिळते, एवढं मात्र मला विचारू नका. (हशा) मला एकच गोष्ट सांगायची आहे. कॅथलिक मुलाच्या पहिल्या कम्युनियनची तयारी शाळेच्या वर्गातून काढून घराच्या आणि आळीच्या हाती परत दिली पाहिजे. मी जिथे जातो तिथे हेच सांगतो.

आधी चार शब्द: धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा कॅथलिक समुदाय, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कम्युनियन म्हणजे मिस्सात पवित्र भाकर स्वीकारणं आणि पापनिवेदन म्हणजे धर्मगुरूजवळ आपली पापं कबूल करणं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की आधी पापनिवेदन आणि मग पहिली कम्युनियन, एवढा क्रम ध्यानात ठेवा.

मी वसईचा. आमच्याकडे आधी चर्च आलं, आजच्यासारख्या शाळा फार नंतर. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज मिशनरी निघून गेले. स्थानिक धर्मगुरूंच्या आणि घराघरांतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या बळावर धर्मग्राम टिकले. शाळेचा त्यात हात नव्हता.

उत्तरेकडच्या कित्येक शहरांत मात्र क्रम उलटा आहे. शाळा आधी उभी राहिली आणि तिच्या आधाराने धर्मग्राम वाढला. कुटुंबं केरळची, झारखंडची, गोव्याची. तुमच्या गाझियाबादेत एक इंदिरापुरमला, दुसरं लोणीला. रोझरीच्या प्रार्थनेला एकत्र जमायचं म्हणजे दिवसभराची नोकरी उरकून पुन्हा रिक्षा शोधायची. मग धर्मशिक्षण शाळेत जातं, सिस्टर पाठांतर घेतात आणि आईबाप निर्धास्त होतात. सिस्टरांना मी बोल लावत नाही, त्या जीव तोडून शिकवतात. पण मूल घरी येतं तेव्हा ती प्रार्थना त्याच्याबरोबर म्हणणारं कुणी नसतं.

घरं एकत्र येतात तेव्हा काय होतं, ते तुमच्या शेजारच्या सरधन्याला दिसतं. गाझियाबाद जिल्हा 1976 मध्ये मेरठमधून वेगळा झाला, पण चर्चच्या दृष्टीने तुम्ही अजून मेरठ धर्मप्रांतातच आहात. सरधना त्याच मेरठातलं. तिथली सत्ताधीश बेगम समरू हिचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) 1781 मध्ये आग्र्याला झाला, नाव ठेवलं जोआना. तिने बांधलेलं चर्च 1822 मध्ये पूर्ण झालं आणि 1961 मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. नोव्हेंबरात तिथे यात्रा भरते. आजी, सुना, नातवंडं अशी अख्खी घरं येतात. शाळेने सहल काढली म्हणून कुणी येत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगतो. पहिल्या पापनिवेदनाच्या आदल्या आठवड्यात आजी अंगणात राजेळी केळी सोलून सुकेळीसाठी, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांसाठी, मांडवावर पसरत होती. भाऊ शेजारी उभा राहून शिकवलेलं घडाघडा म्हणत होता: मी खोटं बोललो, मी भांडलो, मी प्रार्थनेला कंटाळा केला. आजीने हात न थांबवता विचारलं, “आणि शेजारच्या मांडवावरची सुकेळी?” भाऊ गप्प. आजीने हात धुतले, आमच्या आधीच्या सुकेळ्यांचा सोपटात बांधलेला एक जुडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “जा. मी इथे उभी आहे.” कुंपणापासून शेजारणीच्या ओट्यापर्यंत तो इतका हळू गेला की, दोन कोंबड्या त्याला ओलांडून पुढे गेल्या. शेजारणीने जुडगा घेतला, सोडला, त्यातलं एक सुकेळं त्याला दिलं आणि पाठीत धपाटाही घातला. तो परत आल्यावर आजीने त्याला पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावली. या वेळी तो थांबून थांबून म्हणाला. हे कुठल्या वर्गात शिकवणार?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

तयारी घराने करावी, हे माझ्या मनचं नाही. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं, तेव्हा मुलाला कम्युनियनला बसवायचं की नाही, हे बापाने आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ठरवावं, असं सांगितलं. चर्चच्या 1983च्या धर्मसंहितेतलं 914 वं कलम ही तयारी आधी आईबापांवर आणि मग धर्मग्रामाच्या गुरूंवर सोपवतं. त्या कलमात शाळेचं नावही नाही.

श्रोत्यांकडूनही एक चिठ्ठी आहे: “आमच्या मुलांनाही शाळेत हा कॅथलिक धर्मच शिकवतात का?” प्रश्न नेहमीचा आहे आणि मला तो लागतो, पण उत्तर देतो. नाही. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला बसतात तेव्हा बाकीच्यांचा नीतिशिक्षणाचा तास असतो. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं संविधानाचं अनुच्छेद 28(3) सांगतं. कम्युनियनची तयारी घरी गेली, तर तुमच्या मनातली ही शंकाही जाईल.

मग करायचं काय? शाळेने रविवारी एक खोली द्यावी, त्याहून जास्त काही नको. पाच-सहा घरांचा एक गट करावा आणि आईबापांनी मुलाशेजारी बाकावर बसावं. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळच्या धर्मपिता-धर्ममातांनाही सोबत घ्यावं. त्यासाठी त्यांचा दृढीकरणाचा संस्कार झालेला असावा लागतो, वय सोळा पूर्ण लागतं. म्हणजे ती जाणती माणसं असतात. गावी असतील तर त्यांना फोन करावा. केरळची आजी मल्याळममध्ये शिकवेल, झारखंडची सादरीत, वसईची आमच्या बोलीत. शेवटी फादरांनी मुलाला दोन प्रश्न विचारावेत आणि आईबापांना चार. पहिल्या कम्युनियनच्या मिस्साला तुम्हीही जाऊन बसा. कॅथलिक नसल्याने कम्युनियन घ्यायला पुढे जायचं नसतं, पण शेजारच्या पोराचा तो दिवस आहे, त्याला तुम्ही दिसाल.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. उरलेले प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी घेऊ.