प्रकल्प तपासायचा कोणी?

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीने सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. कांदळवनातलं खेकडापालन, लहान मासळी निसटून जावी म्हणून चौकोनी आसाची जाळी, अशी कामं त्यात होती. अशा प्रकल्पांचं अखेरचं मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञाकडून करून घ्यावं, असा या निधीचा दंडक आहे. आराखडा किंवा अंमलबजावणी यांत हात असलेला माणूस तिथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

तज्ज्ञ नेमण्याआधी कार्यकक्षा लेखी ठरते: कोणते प्रश्न, किती दिवस, कोणत्या गावांना भेटी. गावांची निवड मात्र प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेवर सोडू नये, नाहीतर फक्त चांगली कामंच दाखवली जातात. उदाहरणार्थ, कांदळवनाची किती रोपं लावली, हा आकडा सोपा. किती जगली, भरतीच्या पाण्यात टिकली का, हे चिखलात उतरूनच कळतं. शिवाय सुरुवातीची नोंदच नसेल, तर तुलना कशाशी करणार? म्हणून मूल्यमापनाचा खर्च आणि ही नोंद, दोन्ही पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि अहवाल आला की तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवा.