शुश्रूषा करणाऱ्याची काळजी



आजाऱ्यांच्या सेवेविषयी बोलताना आपण विनयपिटकातील महावग्गाचा प्रसंग नेहमी सांगतो. अतिसाराने ग्रासलेला भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी त्याच्या अंगावर पाणी ओतले. पण त्यातला एक तपशील आपण घाईत सोडून देतो. पाणी आणायला त्यांनी आनंदाला पाठविले, आणि त्याला धुऊन काढले तेही आनंदाने. उचलतानाही एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरले.

आम्हीही तो तपशील विसरलो होतो. आमच्या एका कार्यकर्तीने इस्पितळात एका निराधार वृद्धाजवळ सलग नऊ रात्री काढल्या. दहाव्या रात्री चादर तिसऱ्यांदा भिजली तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली, आणि मग जिन्यात बसून रडली. आम्ही काय केले? तिला करुणेवर चार शब्द ऐकविले! वास्तविक तिला झोप हवी होती, आणि आमच्यापैकी कोणीतरी सोबत हवे होते.

त्यानंतर आम्ही वहीत पाळ्या लावल्या. रुग्णाजवळ दोघे, आणि कोणालाही सलग दोनच रात्री. निघताना मनातला राग, किळस, कंटाळा जोडीदाराला सांगून टाकायचा. त्याची लाज धरायची नाही. संयुत्तनिकायातल्या सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणारा शिष्य गुरूला म्हणतो की, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी मला सांभाळतो. तथागतांनी शिष्याचेच म्हणणे योग्य ठरविले.

ती बहीण महिनाभराने परत आली. येत्या शनिवारी रात्री तिची पाळी आहे. तिच्या जोडीदाराची जागा वहीत अजून रिकामी आहे.