आयर्लंड : दोन मित्रांचा प्रवास

प्रवासास एकट्यानें निघावें कीं सोबत घेऊन, हा वाद आपल्याकडे वाडवडिलांनीं केव्हांच निकालांत काढलेला आहे. काशी-रामेश्वराची वाट धरणारा गृहस्थ आधीं सोबत पाही आणि मग मुहूर्त पाही. त्या काळीं सोबत लागे ती चोराचिलटांच्या भयामुळें. आज तें भय उरलेलें नाहीं. तरी सोबतीची गरज मात्र कायम आहे. एकटा माणूस परदेशांत बहुधा तेवढेंच पाहतो, जेवढें पाहावयाचें म्हणून तो घरूनच ठरवून निघालेला असतो. शेजारीं दुसरा असला, आणि तो मनमोकळा मित्र असला, म्हणजे डोळे चार होतात व मतें दोन होतात. दोन मतांवांचून ज्याचें आकलन व्हावयाचें नाहीं, असा एक देश म्हणजे आयर्लंड होय.

मराठी वाचकास हा देश अगदीं परका नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं नरसिंह चिंतामण केळकर यांनीं ‘आयर्लंडचा इतिहास’ मराठींत लिहिला, आणि इंग्रजी सत्तेखालीं नांदणाऱ्या दुसऱ्या एका राष्ट्राची ती कहाणी वाचतांना मराठी तरुणास घरची आठवण झाल्यावांचून राहत नसे. १९१६ च्या एप्रिलमध्यें लोकमान्य टिळकांची होमरूल लीग बेळगांव येथें स्थापन झाली. ‘होमरूल’ हा शब्दच मुळीं आयरिश राजकारणांतून इकडे आलेला होता. त्याच महिन्यांत डब्लिन शहरांत पोस्टाची मोठी कचेरी ताब्यांत घेऊन आयरिश बंडवाल्यांनीं आपलें प्रजासत्ताक जाहीर केलें. त्याच वर्षीं आपल्याकडे दुसरी होमरूल लीग काढणाऱ्या अ‍ॅनी बेझंट यांची माता आयरिश होती.

आयर्लंडांतून मित्रासमवेत फिरण्याचें जें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे, तें मात्र दोन फ्रेंच गृहस्थांचें आहे. अलेक्सी द तोकव्हिल आणि ग्युस्ताव्ह द बोमाँ हे दोघे व्हर्सायच्या न्यायालयांत काम करीत असतां मित्र झाले. १८३१ सालीं ते मिळून अमेरिकेस गेले, आणि १८३५ च्या जुलै-ऑगस्टमध्यें ते मिळून आयर्लंडांत उतरले. डब्लिनहून दक्षिणेकडे किल्केनी व कॉर्क, तेथून पश्चिमेकडे गॉलवे व मेयो, असा त्यांचा मार्ग होता. ते न्यायालयांत जाऊन बसले, कॅथॉलिक बिशपांच्या पंक्तीस जेवले, प्रॉटेस्टंट जमीनदारांशीं बोलले, आणि खेड्यांतील पाद्र्यांच्या घरीं जाऊन तेथील दारिद्र्य त्यांनीं जवळून पाहिलें. एकच प्रश्न दोघांनीं दोन ठिकाणीं विचारावा आणि रात्रीं उत्तरें ताडून पाहावीं, ही सोय एकट्या प्रवाशास कोठून मिळणार? जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, आणि दोघांचा धर्म निराळा, भाषा निराळी, एकमेकांवर विश्वास नाहीं. हें त्यांना सर्वत्र आढळलें.

या प्रवासाचा शेवट मैत्रीच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगा आहे. तोकव्हिलनें भरपूर टिपणें केलीं होतीं. परंतु तीं त्यानें आपल्या हयातींत प्रसिद्ध केलीं नाहींत. त्यानें अमेरिकेवरील ग्रंथ पुरा केला आणि आयर्लंडचा विषय मित्रास मोकळा ठेवला. बोमाँ १८३७ सालीं पुन्हां एकदां तिकडे जाऊन आला, आणि १८३९ सालीं त्याचा आयर्लंडवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८५९ सालीं तोकव्हिल वारल्यावर त्याचें अप्रकाशित लिखाण संपादून जगापुढें आणण्याचें काम बोमाँनेंच केलें.

त्या ग्रंथांत वर्णिलेला समाज पुढें दहा वर्षेंही टिकला नाहीं. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब कुळांचें सारें पोट त्या एका कंदावर अवलंबून होतें. पिकविलेलें धान्य खंडापायीं विकावें लागे. पुढील सहा-सात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि त्याहून अधिक माणसें देश सोडून गेलीं. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८१ लक्षांच्या वर होती. १८५१ सालीं ती सुमारें साडेपासष्ट लक्षांवर आली. याहूनही विलक्षण गोष्ट अशी कीं, तो खळगा आजतागायत भरून आलेला नाहीं. २०२१ व २०२२ सालच्या दोन्ही भागांतील खानेसुमारी एकत्र केल्या तरी बेरीज सत्तर लक्षांच्या थोडी वर जाते. पश्चिमेकडे फिरतांना हिरव्या टेंकड्यांवर छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसतात. पाहणाऱ्यास तें चित्र रम्य वाटतें. शेजारच्यानें ‘येथें कोण राहत होतें?’ असें विचारलें म्हणजे मग तें रम्य वाटेनासें होतें.

मेयो हा परगणा या दुष्काळांत अतिशय होरपळला. हिंदुस्थानचे एक व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि अजमीरचें मेयो कॉलेज यांमुळें हें नांव आपल्या कानांवरून गेलेलें आहे. परंतु त्याच परगण्यांत १८४६ सालीं जन्मलेल्या मायकेल डॅव्हिट याची कथा ऐकण्यासारखी आहे. तो चार वर्षांचा असतांना खंड थकला म्हणून त्याच्या आईबापांस घरांतून बाहेर काढण्यांत आलें. कुटुंब इंग्लंडांत लँकेशायरला गेलें, आणि अकराव्या वर्षीं कापसाच्या गिरणींत यंत्रांत सांपडून मुलाचा उजवा हात गेला. या एकहाती माणसानें १८७९ सालीं लँड लीग उभारण्यांत पुढाकार घेतला. पुढच्या वर्षीं याच परगण्यांत कॅप्टन बॉयकॉट नांवाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशीं गांवानें व्यवहार तोडला. मजूर मिळेनात, दुकानदार जिन्नस देईनात, टपालवाला टपाल आणीना. अखेर उत्तरेकडून पन्नास माणसें आणून व त्यांच्यावर सैन्याचा पहारा ठेवून पीक काढावें लागलें. सुमारें पांचशें पौंडांच्या पिकासाठीं दहा हजार पौंडांचा खर्च झाला असें सांगतात. त्या गृहस्थाचें आडनांव जगाच्या कोशांत जाऊन बसलें, आणि ‘बहिष्कार’ हें लोकमान्यांच्या चतुःसूत्रींतील एक सूत्र झालें. पुढें १९०३ च्या कायद्यानें सरकारी कर्जाच्या साह्यानें कुळांना जमिनी विकत घेतां येऊं लागल्या, आणि जमीनदारी हळूहळू संपली.

ही जमिनीची गोष्ट सानपाड्यांत ऐकणाऱ्यास दूरची वाटणार नाहीं. ठाण्याच्या खाडीकांठच्या या पट्ट्यांत आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. भातशेती, मासेमारी आणि मिठागरें यांवर तीं जगत. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि नव्या शहरासाठीं पंचाण्णव गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. मोबदल्याचा प्रश्न दि. बा. पाटील यांनीं हातीं घेतला. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत झालेल्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळ्यांनीं पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. आज सानपाड्यांत मूळ गांव आहे आणि त्याच्या भोंवतीं सेक्टर आहेत. एका मित्राचें घर गांवांत, दुसऱ्याचें सेक्टरांतील इमारतींत, असे जोडीदार तेथें दुर्मिळ नसावेत. एकाचे आजोबा जेथें भात लावीत, तेथें दुसऱ्याच्या वडिलांनीं कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या. दोघांपैकीं अपराधी कोणीच नाहीं. तरी हा विषय दोघांमध्यें बहुधा निघत नाहीं. असे दोघे मिळून मेयोच्या त्या भिंतींपाशीं उभे राहिले, तर जें घरीं बोलणें झालें नाहीं तें तेथें होण्याचा संभव आहे. परक्याचें दुःख पाहतांना स्वतःच्या दुःखाविषयीं बोलणें माणसास सोपें जातें.

दुसरी जोडी खुद्द आयरिश आहे. १९०५ च्या उन्हाळ्यांत ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रानें नाटककार जॉन सिंग आणि चित्रकार जॅक येट्स यांना पश्चिमेकडील अतिदरिद्री भागांत पाठविलें. हा चित्रकार म्हणजे कवि येट्स यांचा धाकटा भाऊ. सिंगनें लिहावें व येट्सनें चितारावें, अशी वांटणी होती. नावाडी, होड्या बांधणारे, समुद्रशेवाळ जाळून त्याची राख विकणारे, दुष्काळी कामावर खडी वाहणाऱ्या बाया व पोरी, हे त्यांचे विषय. सिंगला आयरिश भाषा येत होती. त्यामुळें माणसें त्याच्यापाशीं बोलत. दोघांनाही या माणसांविषयीं प्रेम होतें. परंतु कींव करण्याचा मोह दोघांनींही टाळला. सिंग अवघ्या चार वर्षांनीं, १९०९ सालीं वारला. येट्स १९५७ पर्यंत जगला.

आज हा प्रवास सुलभ आहे. आयर्लंडचें प्रजासत्ताक युरोपीय संघांत असलें तरी शेंगेन करारांत नाहीं. म्हणून त्याचें प्रवेशपत्र निराळें काढावें लागतें. डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजांत इ. स. ८०० च्या सुमाराची ‘बुक ऑफ केल्स’ ही रंगीत हस्तलिखित पोथी आहे. तेथून आगगाडीनें सुमारें अडीच तासांत गॉलवे येतें. त्याच्या दक्षिणेस मोहरचे कडे समुद्रांतून दोनशें मीटरांहून अधिक उंच उभे आहेत. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कड्यावर उभें राहिलेल्या माणसास तेथील धुकें व वारा ओळखीचा वाटेल. उत्तरेच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ येथें काळ्या दगडाचे सुमारें चाळीस हजार पैलूदार खांब समुद्रांत उतरत गेले आहेत. स्कॉटलंडांतील राक्षसाशीं लढण्यास जाण्याकरितां फिन मॅक्‌कूल या वीरानें तो सेतु बांधला, अशी कथा आहे. आपल्याकडे दिसेल तें लेणें पांडवांनीं एका रात्रींत खोदलें, तशीच ही. शास्त्र सांगतें कीं, सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वीं तापलेला लाव्हा निवतांना आकुंचन पावून हे खांब झाले. तोच बसाल्ट, तसेच खांब, अंधेरीच्या गिल्बर्ट टेंकडीवर सुमारें दोनशें फूट उंच उभे आहेत, आणि ते याहूनही जुने आहेत. सानपाड्याहून तेथें लोकल गाडीनें जातां येतें.

परंतु निसर्गाहून अधिक लक्ष द्यावें तें रस्त्यांवरील पाट्यांकडे. प्रजासत्ताकांतील बहुतेक पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नांव आणि खालीं इंग्रजी नांव असतें. १८२४ सालीं सुरू झालेल्या मोजणीखात्यानें नकाशे करतांना गांवांचीं नांवें इंग्रजी उच्चारांत बसविलीं. आयरिश ‘बाल्ये’ म्हणजे वस्ती. तिचें ‘बॅली’ झालें. ‘किल्’ म्हणजे देऊळ, ‘डून’ म्हणजे गड. आपल्याकडील पाडा, वाडी, खुर्द, बुद्रुक या शब्दांत जसा गांवाचा इतिहास साठलेला असतो, तसाच तेथेंही आहे. मात्र तेथील बहुसंख्य रहिवाशांस तो अर्थ आतां सहज लागत नाहीं. १९३७ च्या राज्यघटनेनें आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. २०२२ च्या खानेसुमारींत आयरिश येते असें सुमारें पावणेएकोणीस लक्ष लोकांनीं सांगितलें. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आंतच भरले. राज्य मिळालें, घटना मिळाली, पाट्या मिळाल्या. घरांतील बोलणें तेवढें परत मिळालें नाहीं. २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आनंदांत ही आकडेवारी कोणीं विसरूं नये.

उत्तरेकडील सीमेवर आज चौकी नाहीं, पहारा नाहीं. अंतरें किलोमीटरांऐवजीं मैलांत दिसूं लागलीं म्हणजे राज्य बदललें असें समजावें. १९२१ सालच्या फाळणीनें आंखलेल्या या रेषेवर पुढें वर्षानुवर्षें रक्त सांडलें, आणि १० एप्रिल १९९८ रोजीं झालेल्या बेलफास्ट करारानें तो मार्ग पुष्कळ अंशीं थांबला. त्या करारान्वयें उत्तरेकडील माणसास स्वतःला आयरिश म्हणवितां येतें, ब्रिटिश म्हणवितां येतें, किंवा दोन्ही म्हणवितां येतें. मतें दोन असूनही घर एक ठेवण्याचा तो प्रयत्न आहे.

अशा देशाचें प्रधानपद २०१७ सालीं लिओ वराडकर यांजकडे गेलें, आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हां सुमारें सोळा महिने तें त्यांच्याकडे होतें. त्यांचे वडील डॉक्टर. मूळचे मालवण तालुक्यांतील वराड गांवचे. आई वॉटरफर्डकडील डंगार्व्हनची. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला आले, तेव्हां गांवानें माहेरवाशिणीच्या मुलासारखें त्यांचें कौतुक केलें. दुष्काळांत ज्या देशानें आपलीं माणसें बोटींत बसवून परदेशीं धाडलीं, त्यानें परदेशांतून आलेल्या एका डॉक्टराच्या मुलास आपला प्रधान केलें, हें त्या देशास भूषणावह आहे.

मित्रासमवेत आयर्लंडास जाणाऱ्यानें म्हणून चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वाट थोडी आंखावी, मुक्काम अधिक करावा. पाहिलेलें दोघांनीं निरनिराळें लिहून ठेवावें, आणि रात्रीं ताडून पाहावें. ज्या विषयावर मतभेद होईल तो टाळूं नये. त्या देशांत तोच विषय बहुधा महत्त्वाचा असतो. आणि परत आल्यावर आपल्या गांवांतून, सानपाड्यांतून असो वा वराडांतून, त्याच मित्रासमवेत एकदां तितक्याच सावकाश फिरावें.