भागवतांची धाकटी लेक



किला गेटहून गडावर चढताना वाटेत चतुर्भुजाचे मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेचे माप २७० हात गुणिले १८७ हात असे दिले असून त्यातील शून्य गणिताच्या इतिहासात विख्यात झाले आहे. मंदिरास दान देणाऱ्याचे नावही त्या शिळेने जपले. विज्ञानासाठी आयुष्य वेचणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला अशी शिळा क्वचितच येते.

इंदूरचेच उदाहरण घ्यावे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. परंतु इंदुरातच १९११ साली जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी कोण, हे पुष्कळांना सांगावे लागते.

१९३३ साली मुंबईची बी.एस्सी. पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील व चुलते तेथलेच विद्यार्थी. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मात्र ती स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. मुलगी मागे हटली नाही. गांधीयुगातला सत्याग्रहच तो! अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, आणि पुरुष सहाध्यायांच्या कामात तिच्यामुळे व्यत्यय येता कामा नये. नोबेल पारितोषिकाचा मानकरी असलेल्या थोर शास्त्रज्ञालाही अशी अट घालावीशी वाटावी, याचा विषाद वाटतो. कमलाबाईंनी ती अट सोसली. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले, आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

त्यानंतर केंब्रिज. बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवून दिले. पेशींच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे प्रथिन. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली ती अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर! पानांच्या वजनावर विद्वत्ता तोलणाऱ्या प्राध्यापकवर्गाने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या न आंबलेल्या गोड रसावर, संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरेतील जीवनसत्त्वे व लोह उपकारक ठरतात, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. संचालकपद मात्र उशिराच मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९८२-८३ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्षपदी असलेल्या कमलाबाई त्या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात सामान्य ग्राहकांसाठी लिहीत असत.