स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी काय हवे?

(मंडळाच्या उत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डिप्लोमा केलेला रेल्वेतला इंजिनिअर. रूळ, सिग्नल यांवर बोलायला सांगितले असते तर सोपे गेले असते. पण आपल्या भजन विभागाने पदांच्या जुन्या वह्या संगणकावर घ्यायचे ठरवले, आणि संगणकाचे काम निघाले की ते इंजिनिअरच्या गळ्यात पडते! त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे आणि त्यात आधी काय हवे, यावर आपल्यात बराच वाद झाला. त्याबद्दल माझे मत आज मांडतो.

तरुण मंडळी म्हणतात, लिहिलेले लगेच वाजून दाखवणारे हवे. पेटीवाले काका म्हणतात, पट्टी बदलता आली पाहिजे. गाणे शिकवणाऱ्या बाईंना मींड आणि कणस्वर हवेत. तबलजींचे म्हणणे, काही असो, सम समेच्या खाली आलीच पाहिजे. आणि आयांची मागणी अशी की, मुलांना देवनागरी धड वाचता येत नाही, शाळेत कन्नड आहे, तर कन्नडमध्ये छापून मिळेल का?

आपण वापरतो ती लिपी पं. विष्णु नारायण भातखंडे यांची. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेला हा वकील बंदिशी गोळा करत देशभर फिरला. 1904 साली ते दक्षिणेतही आले होते. त्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग मूळ मराठीत आहेत. त्यांचे निधन 19 सप्टेंबर 1936 रोजी झाले, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती.

त्यांच्या लिपीचे सौंदर्य तिच्या काटकसरीत आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारला वर. समेला गुणिले चिन्ह, खालीला शून्य. छापखान्यात हे सहज जमले. घोटाळा संगणकावर होतो.

तो कसा, ते पाहा. कोणी भैरवीचे पद टाइप केले, रे ग ध नि या चारही स्वरांखाली रेघ दिली आणि ते व्हॉट्सअॅपवर चिकटवून पाठवले. रेघ ही अक्षराचा भाग नाही, ती वरून चढवलेली सजावट आहे. ती वाटेत गळून पडते. मग पोहोचते काय? सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल! मैफल संपवायच्या रागाची शाळेतली पहिली सरगम झाली, आणि वाचणाऱ्याला पत्ताही नाही. टिंबांचे तसेच. मंद्र गंधारासाठी लोक नुक्ता देतात, तर संगणक त्याला उर्दूतला 'ग़' समजतो. तार षड्जासाठी अनुस्वार दिला की त्याच्या लेखी तो नुसता 'सां' हा उच्चार.

त्यात आपल्याकडच्या काही वह्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीत वरचे टिंब मंद्र सप्तकाचे, आणि तारला उभी रेघ. म्हणजे एकाच टिंबाचा अर्थ एका वहीत वरचे सप्तक, दुसरीत खालचे. दोन्ही वह्या एकाच मुलीने उतरवून काढल्या तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

म्हणून माझे मत असे की, पहिला मान वाजवण्याला नको आणि दिसण्यालाही नको. हा कोमल गंधार आहे, मंद्रातला आहे, इतक्या मात्रांचा आहे, हे सॉफ्टवेअरने आत नोंदवून ठेवले पाहिजे. त्याला रेघ द्यायची की आणखी काही, हा छपाईच्या वेळचा प्रश्न. म्यूझस्कोअरसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चांगलेच आहे, पण त्याची घडण पाच रेघांच्या पाश्चात्य लिपीसाठी आहे. तिथे गाण्याच्या शब्दांच्या जागी सा रे ग लिहिता येतात, आमच्यातल्या एकाने लिहूनही दाखवले. पण संगणकाच्या दृष्टीने ते शब्दच राहतात, स्वर होत नाहीत.

दुसरा मान तबलजींचा. झपतालाच्या ओळीत 2-3-2-3 असे दहा खणच पडले पाहिजेत, आणि नववी मात्रा राहून गेली तर ओळ पुढे सरकूच नये. आमच्याकडे मार्ग नीट लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही, त्याला इंटरलॉकिंग म्हणतात, तसे. पद बाराव्या मात्रेपासून उठत असेल तर ते तिथूनच सुरू करता यावे.

पट्टी बदलण्याबद्दल काकांची क्षमा मागून सांगतो, त्याची आपल्याला गरज नाही. पाश्चात्य लिपीत प्रत्येक स्वर नव्याने लिहावा लागतो, म्हणून त्यांना ती सोय लागते. आपला सा हलता. वर 'काळी चार' लिहिले की झाले.

वाजवून दाखवण्यावर वाद जास्त झाला. बाई म्हणाल्या, भैरवातला आंदोलित ऋषभ यंत्र सरळ ठोकणार आणि मुले तेच गिरवणार. मला हे पटते. पण मात्रेची चूक डोळ्याला दिसत नाही ती कानाला कळते, हे तरुणांचे म्हणणेही खोटे नाही. तेव्हा वाजवणे असावे, पण लिहिणाऱ्याला तपासायला. मुलांच्या हाती देऊ नये.

कन्नडचे काम त्या मानाने सोपे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांचा क्रम जवळजवळ सारखाच लावला आहे, अक्षर बदलणे यंत्राचे काम. आणि कर्नाटक संगीताच्या पुस्तकांतही तारचे टिंब वर, मंद्रचे खाली. पण हे केव्हा साधेल? टिंब कशाचे आहे, हे आत नोंदलेले असेल तेव्हा.

आता टिकण्याचा प्रश्न. 1988 साली बाजारात आलेले फिनाले हे जगभर वापरलेले सॉफ्टवेअर. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने त्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. अनेकांचे आयुष्यभराचे काम त्यात होते, आणि ते दुसरीकडे हलवणे भाग पडले. आपली पदे अशा एकाच कुलपात ठेवू नयेत. रोमन लिपीत लहान अक्षर कोमल आणि मोठे शुद्ध, मध्यमात लहान शुद्ध आणि मोठे तीव्र, अशी साधी रीत पुष्कळ जण वापरतात. त्यात रेघ नाही, त्यामुळे ती गळतही नाही. मूळ प्रत या रीतीने साध्या मजकुरात ठेवावी आणि छापताना भातखंडे किंवा कन्नड रूप द्यावे, असे मी सुचवले आहे. मींड आणि कणस्वर मात्र यात नीट बसत नाहीत. बाईंचा तो आक्षेप कायम आहे आणि तो रास्त आहे. तूर्त त्या पदांसोबत त्यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ठेवायचे ठरले.

ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या विसर्जनापूर्वी कार्यालयात आणून द्याव्यात, छायाप्रत काढून लगेच परत करू. देण्याआधी समेची खूण मात्र पाहून घ्या. गुणिले चिन्ह असेल तर भातखंडे, 1 आकडा असेल तर पलुस्कर, आणि तसे वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून द्या.